सेवाभिमुख रचना कागदावर कशी मांडावी: पिंपळगावच्या पॅकहाउसपासून अंबडच्या शेडपर्यंत

लासलगावच्या बाजार आवारात कांद्याची ट्रॉली शिरल्यापासून शेतकऱ्याच्या हातात पैसे पडेपर्यंत निदान चार वेगळ्या मालकांचे हात त्या मालाला लागतात. गेटवरची नोंद आणि लिलावाची व्यवस्था बाजार समितीची, बोली व्यापाऱ्याची, वजन काट्यावाल्याचं, माल खाली करणं हमालांचं. यातला कोणी कोणाचा नोकर नाही. तरी गाड्या निघतात, कारण कोणी काय करायचं, किती दराने, आणि पुढच्याकडे माल देताना सोबत कोणता कागद द्यायचा हे ठरलेलं आहे. बोली सुटली की भावाची चिठ्ठी, काट्यावर वजनाची पावती, शेवटी हिशोबपट्टी. काटा आधी तराजूचा होता, मग इलेक्ट्रॉनिक झाला, मग भुईकाटा आला. पावतीवर क्विंटलच राहिले आणि लिलावाला त्याचा पत्ताही लागला नाही.

संगणकवाले याला सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर म्हणतात, थोडक्यात एसओए. मराठीत सेवाभिमुख रचना म्हणू. हा शब्द गार्टनर या सल्लागार कंपनीच्या विश्लेषकांनी १९९६ मध्ये वापरात आणला. पुढच्या दहा वर्षांत तो सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या हाती गेला: सोप आणि डब्ल्यूएसडीएल (सेवांमधले निरोप आणि सेवांचं वर्णन लिहायच्या तांत्रिक रीती), एंटरप्राइज सर्व्हिस बस (सगळ्या सेवांना जोडणारं मधलं सॉफ्टवेअर). मोठमोठ्या कंपन्यांनी बस विकत घेतली आणि मग त्यात बसवायला प्रवासी शोधत बसल्या. जानेवारी २००९ मध्ये बर्टन ग्रुप या संशोधन कंपनीच्या अ‍ॅन थॉमस मेन्स यांनी ‘एसओए मेली’ असं जाहीरच केलं. नाव मेलं, सेवांची गरज तशीच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

या सगळ्या गदारोळात २००६ मध्ये ओएसिस या मानक ठरवणाऱ्या संस्थेने केलेली व्याख्या मागे पडली. तिचा आशय असा: वेगवेगळ्या मालकांच्या ताब्यात विखुरलेल्या क्षमता मांडण्याची आणि वापरण्याची पद्धत. या वाक्यात संगणक हा शब्द नाही, मालक आहे. उद्योगाच्या रचनेसाठी एसओए वापरायची तर कामाची सुरुवात या शब्दापासून होते.

पुढची पद्धत चाळीस ते तीनशे माणसांच्या उद्योगासाठी आहे. उदाहरणाला पिंपळगाव बसवंत आणि दिंडोरीच्या मधलं एक कल्पित पॅकहाउस घेतलं आहे: स्वतःच्या बागायतदारांची द्राक्षं युरोपला पाठवतं, रिकामी क्षमता असेल तेव्हा दुसऱ्या निर्यातदारांचा माल गार करून देतं. त्याचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत; तुमचे वेगळे असतील.

कधी करायचं

द्राक्षवाल्यांनी हे काम जून-जुलैमध्ये करावं. एप्रिलच्या खरड छाटणीची धावपळ संपलेली असते, ऑक्टोबरची छाटणी लांब असते आणि मागच्या हंगामातली भांडणं अजून लक्षात असतात. ही भांडणंच कच्चा माल आहे. जानेवारी ते एप्रिल काहीही बदलायचं नाही, चांगला बदलसुद्धा नाही. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या सुट्या भागांच्या कारखान्याने मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटचा महिना टाळावा, बाकी वर्ष मोकळं आहे.

पहिलं काम: सेवा ओळखणं

दोन अर्धे दिवस लागतात. एकाच दिवशी उरकू नका. मधल्या रात्री माणसांना विसरलेल्या गोष्टी आठवतात. आठ ते दहा माणसं बसवा आणि त्यात गेटवरचा, काट्यावरचा, कोल्डरूमचा ऑपरेटर आणि हिशोबाला बसणारी व्यक्ती असलीच पाहिजे. फक्त मॅनेजर बसवले तर कागदावर संस्थेचा तक्ता उतरतो, काम उतरत नाही. मालकाने पहिल्या दिवशी बसू नये हे बरं. ते समोर असले की प्रत्येक वाक्य ‘शेठ म्हणतील तसं’ इथे संपतं.

भिंतीवर मोठा कागद लावा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे कोण काय मागायला येतं? ‘तुम्ही काय करता’ असं विचारलं की माणूस दिवसभराची कामं सांगतो, ‘कोण मागतं’ विचारलं की सेवा सांगतो. कोल्डरूमचा ऑपरेटर पहिल्या प्रश्नाला ‘कॉम्प्रेसर बघतो, दर तासाला टेंपरेचर लिहितो, दार बघतो’ म्हणेल. दुसऱ्याला म्हणेल, ‘पॅकिंगवाले पॅलेट आणतात, गार करून मागतात.’ सेवा ही.

प्रत्येक सेवेचं नाव कर्म आणि क्रियापद असं लिहा: माल गार करणे, प्लॉटचा माग देणे, बागायतदाराचा हिशोब करणे, कंटेनर भरून देणे. ‘अकाउंट्स’, ‘क्वालिटी’, ‘डिस्पॅच’ ही खात्यांची नावं झाली, ती खोडा.

साठ-सत्तर माणसांच्या पॅकहाउसमध्ये बारा ते वीस सेवा निघतात. पन्नासच्या वर गेल्या तर तुम्ही कामं लिहिलीत, पाचच्या आत राहिल्या तर खाती. दोन्ही वेळा कागद उलटा करून पुन्हा सुरुवात करा, जुन्यावर गिरवत बसू नका.

सीमारेषा कुठे ओढायची

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. उरलेलं काम कारकुनी आहे.

प्रत्येक सेवेला चार चाचण्या लावा. पहिली जॉबवर्कची. अंबडमधल्या शेडमालकाला ही समजावून सांगावी लागत नाही. पार्ट प्लेटिंगला किंवा हीट ट्रीटमेंटला बाहेर जातो तेव्हा सोबत चलन जातं, किती नग, कोणता कोटिंग, किती मायक्रॉन, कधी परत, हे लिहिलेलं असतं. प्लेटिंगवाला कोणती टाकी वापरतो हे कोणी विचारत नाही. जीएसटी कायद्यातही या जाण्या-येण्याला मुदत आहे: कच्चा माल किंवा अर्धवट तयार माल एका वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत आली पाहिजे. तर चाचणी अशी: हे काम उद्या बाहेर द्यायचं ठरलं तर एका पानाच्या चलनावर मावेल का? मावत असेल तर सीमा बरोबर पडली आहे. ‘आमच्या सुपरवायझरला विचारून’ असं चलनावर लिहावं लागत असेल तर सेवा चुकीच्या जागी कापली आहे.

दुसरी चाचणी मालकाची. या कामात चूक झाली तर सकाळी फोन कोणाला जातो? नाव एकच आलं पाहिजे. दोन नावं आली तर बहुधा दोन सेवा चिकटल्या आहेत. एकही नाव येत नसेल तर ती सेवा रोज कोणी तरी उपकार म्हणून करत आहे, आणि त्या माणसाच्या घरी लग्न निघालं की बंद पडणार आहे.

तिसरी चाचणी नोंदीची. प्रत्येक महत्त्वाची माहिती एकाच सेवेने लिहायची, बाकीच्यांनी मागून घ्यायची. बागायतदाराचा बँक खाते क्रमांक खरेदीवाल्याच्या डायरीत, टॅलीत आणि मोबाईलमधल्या एका फोटोत असेल, तर तिन्हींपैकी दोन चुकीचे होणार हे फक्त वेळेवर अवलंबून आहे.

चौथी चाचणी आतल्या बदलाची. मागणाऱ्याला न सांगता आतली पद्धत बदलता येते का? काटा बदलला तरी पावती तीच राहिली, तसं. मागणाऱ्याला आतलं कळावंच लागत असेल तर दोन्ही सेवा वेगळ्या नाहीत, फक्त वेगळ्या खोल्यांत बसल्या आहेत.

या चाचण्यांना एक शत्रू आहे: ओळखीच्या माणसांचे गट. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं की संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशाच घडणीची प्रणाली त्या संस्थेकडून तयार होते. जेवणाच्या सुट्टीत एकत्र डबा खाणाऱ्या दोघांच्या सेवा कागदावरही एकत्र येतात. कागद पूर्ण झाला की हे मुद्दाम तपासा.

आकाराबद्दल एक हिशोब. ‘पनेटला (द्राक्षं भरायच्या छोट्या डब्याला) लेबल लावणे’ ही सेवा करायची का? तिला मागणारा एकच, पॅकिंग. ती एकटी कोणाच्या उपयोगाची नाही. ती पॅकिंगच्या पोटात राहू द्या. ‘रासायनिक अवशेषांच्या तपासणीचा निकाल देणे’ मात्र वेगळी ठेवा. खरेदी, पॅकिंग, निर्यातीची कागदपत्रं आणि बाहेरचा गिऱ्हाईक असे चौघं ती मागतात. दोन किंवा जास्त मागणारे असतील तर वेगळी, एकच असेल तर पोटात. हा नियम दहापैकी आठ वेळा चालतो. उरलेल्या दोन वेळा कायदा किंवा पैसा आड येतो: रोख हाताळणारी सेवा मागणारा एकच असला तरी वेगळीच ठेवा.

सेवापत्रक

प्रत्येक सेवेला एक पान. दोन पानं झाली तर कोणी वाचत नाही. ‘माल गार करणे’ या सेवेचं भरलेलं पत्रक असं दिसेल:

सेवा: पॅक केलेला माल गार करणे
मालक: कोल्डरूम प्रमुख, रात्री शिफ्ट ऑपरेटर
मागणारे: पॅकिंग, बाहेरचे निर्यातदार
काय द्यायचं: पूर्ण पॅलेट, प्रत्येक पॅलेटवर लॉट क्रमांक आणि पेट्यांची संख्या, काढणीची वेळ लिहिलेली, पेटीतला प्लास्टिक लायनर उघडा
काय मिळेल: मण्याच्या आतलं तापमान २ अंश सेल्सिअस किंवा खाली, दर पॅलेटमागे दोन मोजमापांची नोंद
वेळ: चेंबर बंद झाल्यापासून ७ तास
मर्यादा: एका खेपेत ६ टन, दिवसात ३ खेपा, खेप सुरू झाल्यावर दार उघडणार नाही
दर: आतल्या आणि बाहेरच्या मालाला किलोमागे एकच
बिघडलं तर: ७ तासांत तापमान येणार नाही असं दिसलं तर सहाव्या तासालाच मागणाऱ्याला फोन, लाइट गेल्यास जनरेटर १० मिनिटांत, नाही तर माल दुसऱ्या चेंबरला
यात नाही: सल्फर पॅड टाकणे, पेटी बंद करणे, पॅलेट पट्टी मारणे
बदलाची सूचना: ३० दिवस आधी, जानेवारी ते एप्रिल बदल नाही

या पानातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे एक नुकसान उभं आहे. लायनर उघडा का? गरम माल लायनर बंद करून चेंबरमध्ये गेला तर आत दव धरतं, सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड ओला होतो, त्यातला वायू हळूहळू सुटण्याऐवजी भसकन सुटतो आणि मण्यांवर पांढरे डाग पडतात. ते डाग दिसतात परदेशात पेटी उघडल्यावर, आणि तोवर पॅकिंग कोल्डरूमकडे आणि कोल्डरूम पॅडवाल्याकडे बोट दाखवून मोकळं झालेलं असतं. ‘काय द्यायचं’ या ओळीत चार शब्द घातले की हे भांडण दारातच मिटतं: बंद लायनरची पेटी आत येणार नाही.

‘मर्यादा’ ही ओळ लोक गाळतात, आणि तीच सर्वात किमती. एका खेपेला ७ तास, भरणं-काढणं धरून ८. दिवसाच्या ३ खेपा, म्हणजे १८ टन. आता पॅकिंगचं पत्रक शेजारी ठेवा. तिथे लिहिलं असेल की गर्दीच्या दिवशी २२ टन भरतो. मग ४ टन कुठे उभे राहतात? बाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये, मार्चच्या उन्हात. हे गेल्या हंगामातही होत होतं. फक्त त्याला ‘त्या दिवशी जरा लोड होता’ असं म्हटलं जायचं. दोन पानं शेजारी ठेवली की तो लोड रोजचा आहे हे दिसतं, आणि निर्णय तोडणीच्या टोळीपर्यंत मागे नेता येतो: त्या दिवशी बागेतून कॅरेटच कमी निघाले पाहिजेत.

दराच्या ओळीवर सगळ्यात जास्त वाद होतो. ‘आपलाच माल, आपलीच खोली, कसला दर?’ पण आतल्या मालाला फुकट आणि बाहेरच्याला किलोमागे पैसे असं ठेवलं की आतली माणसं अर्ध्या भरलेल्या खेपा लावतात, कारण त्यांना त्याची झळ नाही. पैसे प्रत्यक्ष फिरवायची गरज नाही. महिन्याच्या शेवटी नावे-जमा दाखवला तरी वागणं बदलतं.

कोणाच्या पट्टीतून काय कापायचं हे लिहिलेलं नसलं किंवा मान्य नसलं तर काय होतं, ते नाशिक जिल्ह्याने एप्रिल २०२४ मध्ये पाहिलं. हमाली-तोलाईची कपात कोणाच्या माथी, या वादात जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले कांद्याचे लिलाव बंद पडले. काम तेच, माणसं तीच, काटेही चालू होते. करारातली एक ओळ सुटली होती.

शब्द एक करा

पत्रकं लिहिताना दुसऱ्या दिवशी दुपारी हमखास कळतं की ‘लॉट’ या शब्दाचे तीन अर्थ चालू आहेत. खरेदीवाल्याला लॉट म्हणजे एका बागायतदाराचा प्लॉट, पॅकिंगला एका दिवसात एका लाइनवर भरलेला माल, निर्यातवाल्याला कंटेनरमध्ये एकत्र गेलेलं सगळं. युरोपकडून अवशेषांची तक्रार आली की ‘कोणता लॉट’ याला तीन उत्तरं येतात.

इथे नाशिककरांना एक आयती सोय आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या शेतीमाल निर्यात संस्थेने ग्रेपनेट ही नोंदप्रणाली उभारली, आणि तिच्यात प्लॉटची नोंदणी, प्रयोगशाळेचा निकाल, पॅकहाउस आणि निर्यातीचा दाखला हे एकाच धाग्यात येतात. प्रयोगशाळा वेगळी, पॅकहाउस वेगळं, शासन वेगळं, तरी प्लॉटची ओळख एकच. तीच ओळख आतल्या पत्रकांतही वापरा. स्वतःचा नवा क्रमांक काढायचा मोह आवरा. आधीच चालू असलेला, बाहेरच्यांनी मानलेला क्रमांक असेल तर तोच घ्या.

बाकी शब्दांसाठी वीस-पंचवीस ओळींची एक यादी पुरते: शब्द, अर्थ, एकक, नोंद कोणाची. ‘वजन’ या ओळीवर घाई करू नका. काट्यावरचं वजन कॅरेटसकट असतं की वजा करून? समजा रिकामा कॅरेट २ किलोचा आहे. काट्यावाल्याने चांगल्या मनाने एक दिवस निव्वळ वजन द्यायला सुरुवात केली आणि हिशोबवाले सवयीने कॅरेट वजा करत राहिले, तर १०० कॅरेटमागे बागायतदाराचे २०० किलो जातात. ६० रुपये भावाने १२ हजार. कोणी चोरी केलेली नाही, पण गावात तसंच बोललं जाईल.

क्रम वेगळा ठेवा

सेवा स्वतःचं काम जाणते. पुढे काय होणार हे तिने जाणायची गरज नाही. ‘ऑर्डर ते कंटेनर’ हा क्रम सेवांच्या वर, वेगळ्या कागदावर लिहा आणि त्याला वेगळा मालक द्या.

क्रम चालवायचे दोन प्रकार आहेत. एकात एक माणूस, त्याला समन्वयक म्हणू, प्रत्येक सेवेला सांगतो: आता तू. दुसऱ्यात प्रत्येक सेवा काम झाल्यावर पुकारा करते आणि ज्याला गरज आहे तो ऐकून पुढे जातो. न्हावा-शेव्याला जाणाऱ्या कंटेनरला बंदरात पोचायची वेळ गाठायची असते, तिथे समन्वयकच हवा. उशीर दिसताच कोणाला तरी क्रम फिरवता आला पाहिजे. बागायतदाराच्या हिशोबाला पुकारा पुरतो: काट्याची पावती आणि ग्रेडिंगचा निकाल दोन्ही आले की पट्टी सुरू. एकाच उद्योगात दोन्ही प्रकार सुखाने नांदतात.

बिघाड होतो तो क्रम सेवेच्या पोटात शिरला की. कोल्डरूमवाल्याला कळतं की अमुक कंटेनर लंडनचा आहे, घाईचा आहे, आणि तो दुसऱ्याची खेप मागे सारतो. हेतू चांगला असतो. पण आता प्राधान्य ठरवणारे दोघं झाले, आणि समन्वयकाचा फळा खोटा झाला. कोल्डरूमला फक्त खेपेचा क्रम कळला पाहिजे, गिऱ्हाइकाचं नाव नाही.

काय चुकतं

खात्यांच्या पाट्या बदलणं हा सर्वात लोकप्रिय प्रकार. ‘स्टोअर’ची ‘साठवण सेवा’ होते, पत्रक लिहिलं जात नाही, आणि सहा महिन्यांनी ‘ते एसओए वगैरे करून पाहिलं’ असं सांगितलं जातं.

दुसरा प्रकार समितीच्या मालकीचा. ‘ही सेवा क्वालिटी आणि प्रॉडक्शन मिळून बघतील.’ मिळून कोणी बघत नाही.

तिसरा, सर्वांना उघडी असलेली एक्सेल. सुरुवातीला सोयीची वाटते. मग हिशोबवाले काट्याच्या स्तंभात स्वतःची बेरीज घालतात, पॅकिंगवाले एक स्तंभ लपवतात, आणि काट्यावाल्याला स्वतःची नोंदही बदलायची भीती वाटू लागते. दुसऱ्याच्या नोंदीत थेट हात घालायचा नाही. हवं ते मागायचं. मागायची रीत कागदाची असो, व्हॉट्सअ‍ॅपची असो की एपीआयची (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे माहिती मागायची ठरलेली सोय).

आणि फोनवरचे अपवाद. ‘आजच्या दिवस जमवून घे’ हे वाक्य बंद होणार नाही, बंद करायचा प्रयत्नही करू नका; शेतीमालाच्या धंद्यात ते लागतंच. फक्त प्रत्येक अपवाद त्या पत्रकाच्या मागच्या बाजूला तारीख घालून लिहा. एकाच प्रकारचा अपवाद हंगामात पाचव्यांदा आला तर तो अपवाद राहिलेला नाही, पत्रकाची मुख्य बाजू बदलायची वेळ झाली.

बदल कसा करायचा

पत्रकावर आवृत्ती क्रमांक असू द्या: पत्रक १, पत्रक २. जास्तीची माहिती देणं हा छोटा बदल. मागणाऱ्याचं काही मोडत नाही. आधी मिळणारी गोष्ट काढून घेणं, किंवा शब्द तोच ठेवून अर्थ बदलणं, हा मोठा बदल. वर कॅरेटच्या वजनाचं जे झालं ते दुसऱ्या जातीचं होतं. मोठ्या बदलात जुनं आणि नवं पत्रक काही काळ सोबत चालवा: काट्याच्या पावतीवर महिनाभर दोन्ही वजनं, वेगळ्या नावांनी. सगळे मागणारे नव्यावर आले की जुनं बंद, आणि ते बंद झाल्याची तारीखही लिहायची. ही तारीख न लिहिल्याने जुनी पत्रकं वर्षानुवर्षं भुतासारखी वावरतात.

मोजायच्या तीनच गोष्टी: मागण्या किती आल्या, वेळेत किती झाल्या, परत किती आल्या. प्रत्येक सेवेच्या मालकाने आठवड्याला तीन आकडे फळ्यावर लिहायचे. चौथा आकडा सुचेल. तो पुढच्या वर्षी.

आता सॉफ्टवेअर

इथवर खर्च कागद, शाई आणि दोन दिवसांचा चहा एवढाच आहे. एक हंगाम कागदावर चालवल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. कागदावरचं पत्रक खोडायला पेन लागतं. सॉफ्टवेअरमध्ये बसलेलं पत्रक खोडायला कोटेशन लागतं.

पहिली कोणती सेवा संगणकावर न्यायची? जिला मागणारे सर्वात जास्त आहेत आणि जिचं पत्रक हंगामभर बदललं नाही, ती. पॅकहाउसमध्ये बहुधा काट्याची नोंद किंवा प्लॉटचा माग. ज्या सेवेत सर्वात जास्त गोंधळ आहे ती आधी संगणकावर नेऊ नका, कितीही ओरड असली तरी. गोंधळ वेगाने होऊ लागेल, एवढंच.

विक्रेता आला की त्याच्या मॉड्यूलची यादी बघण्याआधी तुमची पत्रकं त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा: यातली कोणती तुमच्यात बसतात, कोणती फोडावी लागतील? त्याने तुमच्या दोन सेवा एकत्र करायचं सुचवलं तर वरच्या चार चाचण्या पुन्हा लावा. कधी कधी त्याचं बरोबर असतं. मग आणखी तीन प्रश्न: आमची नोंद आम्हाला पूर्ण स्वरूपात बाहेर काढता येते का? दुसऱ्या सॉफ्टवेअरला ती एपीआयवरून मागता येते का? काटा बदलला तर तुमच्यात काय बदलावं लागेल? तिसऱ्याला ‘काही नाही’ किंवा ‘एवढंच’ असं नेमकं उत्तर येत नसेल तर सौदा लांबणीवर टाका.

वीस सेवांसाठी एंटरप्राइज सर्व्हिस बस लागत नाही. मायक्रोसर्व्हिसेसही लागत नाहीत. तो सॉफ्टवेअर कसं तुकड्यांत बांधायचं याचा प्रश्न आहे आणि तो विक्रेत्याच्या घरचा. टॅली, काट्याचं छोटं सॉफ्टवेअर आणि मधे रोज ठरलेल्या वेळी जाणारी एक फाइल एवढ्यावर पॅकहाउस दोन-तीन हंगाम सहज निघतं, जर फाइलमधल्या प्रत्येक स्तंभाचा अर्थ शब्दयादीत असेल तर.

हंगाम संपल्यावर

शेवटचा कंटेनर गेल्यावर, मे महिन्यात, सगळी पत्रकं टेबलावर पसरा. मागची बाजू अपवादांनी भरलेली असेल ते आधी दुरुस्त करा. एखाद्या सेवेचा मागणारा उरला नसेल तर तिचं पत्रक फाडा आणि मालकाला दुसरं काम द्या. आणि जे पान अगदी कोरंकरकरीत आहे, एक ओळ खोडलेली नाही, एक डाग नाही, ते हातात घेऊन त्या सेवेच्या मालकाकडे जा आणि हंगामात ते कुठे टांगलेलं होतं हे विचारा. बहुतेक वेळा ते कपाटात होतं.